मालवणच्या सुट्टीत भात-भाकरीचे काय करावे?

प्रश्न : मधुमेहामुळे गेले काही महिने मी डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी कर्बोदकांचा, म्हणजे दिवसाला सुमारे 80 ग्रॅमपर्यंतचा, आहार घेत आहे. मे महिन्यात आम्ही सहकुटुंब मालवण-तारकर्लीला घरगुती निवासात राहणार आहोत. तेथील वडे, आंबोळ्या, भात आणि हापूस यांच्यापुढे पथ्य कसे टिकवावे? गेल्या वर्षी कोकणातून परतल्यावर वजन दीड किलोने वाढलेले दिसले आणि त्या निराशेत पथ्यच सुटले. मी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या घेतो.
– एक वाचक, पुणे

उत्तर : मालवणी ताटाची आपल्याला वाटते तितकी धास्ती घेण्याचे कारण नाही. ओल्या खोबऱ्याच्या वाटणातले, तिरफळ आणि आमसूल घातलेले माशाचे सार, तिसऱ्यांचे सुके, कोलंबी, कोंबडीचा रस्सा या सर्वांत कर्बोदके कमीच असतात. तळलेल्या सुरमईला लावलेला रवा किंवा तांदळाचे पीठ चमचा-दोन चमच्यांपलीकडे जात नाही, आणि नुसते मीठ-मसाला लावून तव्यावर भाजून मागितल्यास तेही टळते. हिशेब बिघडतो तो ताटातल्या पांढऱ्या पदार्थांनी. शिजलेल्या 100 ग्रॅम भातात सुमारे 28 ग्रॅम कर्बोदके असतात, तर 50 ग्रॅम पिठाच्या एका तांदळाच्या भाकरीत जवळपास 40 ग्रॅम, म्हणजे आपल्या दिवसाच्या वाट्याचा अर्धा भाग. वडे आणि भात दोन्ही घेण्याऐवजी एकच वडा किंवा चार घास भात असे आधीच ठरवून ठेवावे आणि सोलकढी भातावर न ओतता वाटीने प्यावी.

न्याहारी मात्र खरी अवघड असते, कारण घावन, आंबोळी, शिरवाळे, खापरोळी हा सारा तांदळाचाच परिवार आहे. यावर उपाय एकच : खोली राखून ठेवताना फोनवरच घरच्या काकूंना सांगावे की, ‘‘मला सकाळी दोन अंडी आणि एखादी भाजी चालेल, साखरेचा त्रास आहे.’’ पान वाढल्यावर नकार दिला तर आग्रह होतो. आधी कळवले तर वेगळी तजवीज होते. आपण सोमवार किंवा चतुर्थी पाळत असाल, तर साबुदाण्याच्या खिचडीपासून दूर राहावे, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट.

हापूसच्या 100 ग्रॅम गरात साधारण 15 ग्रॅम कर्बोदके असतात. मेमध्ये मालवणला जाऊन आंबा चाखूच नये, असे मी सांगणार नाही; ज्या जेवणात भात-भाकरी वगळली असेल, त्या जेवणाबरोबर अर्धा आंबा फोडी करून खावा. आमरसाच्या वाटीत किती आंबे गेले, ते कळत नाही. कोकम सरबत साखरेच्या पाकाचे असते, म्हणून आगळ (कोकमाचा बिनसाखरेचा घट्ट रस), मीठ आणि जिरेपूड घातलेले पाणी मागावे. काजूंच्या पिशवीवरही लक्ष असू द्यावे : 100 ग्रॅम काजूंत सुमारे 30 ग्रॅम कर्बोदके असतात आणि गाडीत बसल्या बसल्या तेवढे काजू सहज संपतात.

गोळ्यांचा मुद्दा पथ्याहून महत्त्वाचा आहे. ग्लिमेपिराइड साखर खाली आणते. सकाळी ती घेऊन, नेहमीपेक्षा कमी खाऊन आपण भर उन्हात समुद्रात पोहायला उतरलात, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. सहलीपूर्वी मात्रेविषयी डॉक्टरांशी बोलून घ्यावे आणि ग्लुकोमीटर सोबत ठेवावा. हातपाय थरथरणे, दरदरून घाम येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे यांपैकी काही जाणवल्यास पथ्याचा विचार न करता तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी.

राहिला वजनाचा प्रश्न. यकृत आणि स्नायू ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा राखीव साठा, साठवतात तेव्हा त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणीही धरून ठेवतात. त्यामुळे भात-भाकरी वाढताच काटा किलो-दीड किलोने पुढे सरकतो, आणि त्यात चरबीचा भाग थोडाच असतो. नेहमीचा आहार सुरू झाला की हे पाणी सहसा आठवडाभरात उतरते. तोपर्यंत काट्यावर उभे राहूच नये.