लॅबच्या पीसीवर सेटिंग्ज बंद करताना

आधी अकाउंट बघा. विद्यार्थी ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून बसत असतील तर बाकी कुलुपांना काही अर्थ नाही. लावलेली पॉलिसी ते दोन मिनिटांत काढतील. त्यांना स्टँडर्ड खातं द्या, ॲडमिनचा पासवर्ड स्वतःकडे ठेवा.

मग ग्रुप पॉलिसी, म्हणजे कोणत्या खात्याला काय करता येईल हे ठरवणारी विंडोजची सोय. ही विंडोज प्रोमध्ये मिळते, होममध्ये नाही. नवीन माणूस इथे हमखास फसतो: थेट पॉलिसी एडिटर उघडून यूजर कॉन्फिगरेशनमध्ये बंदी घालतो आणि ती ॲडमिनलाही लागू होते. म्हणजे स्वतःच बाहेर! त्याऐवजी रनमध्ये (विंडोज+R) एमएमसी (mmc) टाइप करा, फाइल मेनूतून स्नॅप-इन (त्या खिडकीत जोडायचं साधन) जोडा, ग्रुप पॉलिसी ऑब्जेक्ट एडिटर निवडा, ब्राउझ दाबून यूजर्स टॅबमधला 'नॉन-ॲडमिनिस्ट्रेटर्स' हा गट घ्या. आता ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्सखालच्या कंट्रोल पॅनेलमध्ये कंट्रोल पॅनेल आणि पीसी सेटिंग्जना मनाई करणारा पर्याय 'एनेबल्ड' करा. हो, मनाई हवी म्हणून एनेबल्डच. घाईत डिसेबल्ड निवडलं जातं. विद्यार्थ्याला लॉग-ऑफ करून परत लॉगिन करायला लावा आणि त्याच खात्यातून तपासा.

सरसकट बंदी मला जरा जास्तच वाटते. डिस्प्ले, साउंड उघडे ठेवायचे असतील तर तिथलीच सेटिंग्ज पेज व्हिजिबिलिटी (सेटिंग्जची कोणती पानं दिसावीत हे ठरवणारी पॉलिसी) वापरा, पण वरची मनाई काढून. ती असेपर्यंत सेटिंग्ज उघडतच नाहीत.

बायोसला (पीसी चालू होताना विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामला) पासवर्ड घाला आणि यूएसबी बूट बंद करा, नाहीतर पेनड्राइव्हवरून दुसरी सिस्टिम चालू करून या सगळ्याला बगल देता येते.