मूळ दाखला सल्लागाराकडे अडकलाय आणि दीड लाख रोख दिलेत

प्रश्न : मुलाला इंजिनिअरिंगला जायचं होतं, पण सीईटीचे पर्सेंटाइल यथातथाच. एका ॲडमिशन मेळाव्यात भेटलेल्या सल्लागाराच्या डेक्कनवरच्या ऑफिसात मे महिन्यात गेलो. 25 हजार रुपये नोंदणी फी यूपीआयने भरली, पावती मिळाली. मग 'मॅनेजमेंट कोट्यातली सीट ब्लॉक करायला' दीड लाख रोख दिले, त्याची पावती नाही. त्याने डायरीच्या पानावर आकडा लिहून भोवती गोल केला, त्याचा मी फोटो काढला. शाळा सोडल्याचा दाखला आणि बारावीची मूळ मार्कलिस्ट त्याने 'व्हेरिफिकेशन'साठी ठेवून घेतली. आता कॅपच्या (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या फेरीत मुलाला स्वतःच्या मार्कांवर पुण्यातच सीट लागली आहे. सल्लागार म्हणतो, "सीट आमच्यामुळेच लागली, उरलेले एक लाख आणा आणि कागद न्या." फॉर्मवर 'फी परत मिळणार नाही' असं छापलंय. मिस्टर म्हणतात, रोख पैशाचं नाव काढलं तर आपणच अडकू. खरंय का?
– एक आई, सिंहगड रोड, पुणे

उत्तर : ताई, तुमचं पत्र आलं तेव्हा कॉलेजात हजर व्हायला तीनच दिवस उरले होते, म्हणून कागदांचा भाग मी तेव्हाच फोनवर सांगितला. दर जून-जुलैत माझ्या टेबलावर असे अडकलेले दाखले येतात, म्हणून तो इथे पुन्हा लिहितो.

कागद अडवायचा त्याला काडीचाही अधिकार नाही. दुसऱ्याची वस्तू थकबाकीपोटी धरून ठेवण्याचा सर्वसाधारण हक्क भारतीय करार कायद्याच्या कलम 171 ने मोजक्याच मंडळींना दिलाय : बँका, अडते, गोदीवाले, हायकोर्टाचे ॲटर्नी, विम्याचे दलाल. बाकीच्यांना तसा स्पष्ट करार लागतो. तुमचा फॉर्म मी दोनदा वाचला, त्यात कागद ठेवून घेण्याबद्दल एक अक्षर नाही. फी थकली म्हणून पक्षकाराची फाइल अडवता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2000 साली आम्हा वकिलांनाच सुनावलंय, कारण फाइल म्हणजे काही विकाऊ माल नव्हे. मार्कलिस्ट तरी कुठे विकाऊ आहे? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) ऑक्टोबर 2018 च्या अधिसूचनेनुसार तर कॉलेजांनाही विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेता येत नाहीत. हा तर कॉलेजही नाही.

म्हणून आधी व्हॉट्सॲप आणि ईमेल, दोन्हींवर लेखी मागणी करा : अमुक तारखेला हे दोन कागद दिले, 24 तासांत परत करा, नाहीतर पोलिसांत जाईन. चार ओळी पुरेत, शिव्याशाप नकोत. त्याच दिवशी कॉलेजच्या प्रवेश विभागाला अर्ज देऊन परिस्थिती कळवा आणि पोहोच घ्या. बारावीची मार्कलिस्ट डिजिलॉकर या सरकारी ॲपमधून काढा. डिजिलॉकरमधल्या कागदाला नियमांनी मूळ कागदाइतकंच मोल दिलंय, काउंटरवरच्या कारकुनाला ते ठाऊक नसलं तरी. दाखल्याची दुय्यम प्रत ज्युनिअर कॉलेजातून मिळते, पण तिथे एक खड्डा आहे. क्लार्क म्हणेल, "हरवला असं प्रतिज्ञापत्र करून आणा, काम होऊन जाईल." तसं करू नका. दाखला हरवलेला नाही, तो कुणाच्या टेबलाच्या खणात आहे हे तुम्हाला माहीत आहे. शपथेवर खोटं लिहिलंत तर उद्या समोरचा वकील पहिला तोच कागद पुढे करेल. 'सदर व्यक्तीच्या ताब्यात असून मागूनही दिला जात नाही' असंच लिहा आणि पोलीस तक्रारीची प्रत जोडा.

आता दीड लाखांकडे. सीट ब्लॉकिंग म्हणा, डेव्हलपमेंट म्हणा, आपल्या भाषेत ते डोनेशन. माझ्यासमोर तरी त्याला दुसरं नाव देऊ नका. महाराष्ट्रात असं डोनेशन, कायद्याच्या भाषेत कॅपिटेशन फी, घ्यायला 1987 च्या कायद्याने बंदी आहे, आणि त्या कायद्याचा रोख संस्थेने किंवा संस्थेच्या वतीने पैसे घेणाऱ्यावर आहे. संस्था स्तरावरच्या ज्या जागांना लोक मॅनेजमेंट कोटा म्हणतात, त्याही जाहिरात देऊन, अर्ज मागवून, गुणवत्तेच्या क्रमानेच भरायच्या असतात. 2015 च्या राज्य कायद्याखालचं प्रवेश नियामक प्राधिकरण त्यावर नजर ठेवतं. म्हणजे तुमच्या सल्लागाराने मे महिन्यात विकली ती पाण्यातली म्हैस. तिचं मोल मात्र त्याने बाहेर बसून रोख घेतलं.

मिस्टरांची भीती अगदीच पोकळ नाही. बेकायदा उद्देशासाठी केलेला करार करार कायद्याच्या कलम 23 नुसार रद्दबातल असतो, आणि दोघेही सारखेच दोषी असतील तर कोर्ट सहसा हात झटकतं : ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्याकडेच राहू देत. पण याला एक दार आहे. भारतीय न्यास कायदा, 1882 च्या कलम 84 नुसार बेकायदा हेतूने पैसे दिले पण तो हेतू तडीस गेलाच नाही, किंवा देणारा घेणाऱ्याइतका दोषी नाही, तर घेणाऱ्याने ती रक्कम देणाऱ्याच्या हितासाठीच धरलेली असते, म्हणजे परत करायची असते. तुमच्या मुलाने कोट्यातली सीट घेतली नाही. ते पैसे कुठल्या कॉलेजपर्यंत पोचल्याचा पुरावाही नाही. तुमचं बळ इथे आहे. सीट घेऊन वर्षभर वर्गात बसल्यावर तुम्ही आला असतात तर मी इतक्या खात्रीने बोललो नसतो.

शिवाय हे फसवणुकीचंही प्रकरण आहे. 'सर का सीट कन्फर्म है, डोन्ट वरी' हा त्याचा मेसेज 27 मेचा आहे, तेव्हा कॅपची गुणवत्ता यादीही लागलेली नव्हती. फसवणुकीत हेतू सुरुवातीपासून खोटा होता हे दाखवावं लागतं, ते काम हा मेसेज करतो. त्यामुळे डायरीच्या फोटोपेक्षा तो मोलाचा. भारतीय न्याय संहितेत फसवणूक करून पैसे घेण्याला कलम 318(4) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, कागदांसाठी कलम 316, म्हणजे फौजदारी विश्वासघात. पोलीस ठाण्यात "हा दिवाणी मॅटर आहे" हे वाक्य ऐकायची तयारी ठेवून जा. तक्रार घेतलीच नाही तर टपालाने पोलीस उपायुक्तांना पाठवा, तरीही हललं नाही तर शिवाजीनगरला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज करता येतो. तक्रारीत रोख रक्कम लपवू नका. ती वगळलीत तर छापील फॉर्मची आणि 25 हजारांची गोष्ट उरते, आणि रोख पैशाचं तो आपल्या सोयीने आधी सांगून मोकळा होतो.

फोन बदलू नका, चॅट पुसू नका, आपोआप गायब होणारे मेसेज चालू असतील तर बंद करा. स्क्रीनशॉट कोर्टात द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) चं प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी वकिलाची मदत घ्या.

उरलेले एक लाख? देऊ नका. कॅपची सीट गुणवत्ता आणि मुलाने भरलेले पर्याय यांवरून संगणक वाटतो, त्यात याचा हात कुठून येणार? एक गंमत सांगतो : एकाच व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यात बंदी आहे आणि दंड घेणाऱ्याला, घेतलेल्या रकमेएवढा. आधीचे दीड लाख धरून हा माणूस स्वतःच मर्यादा ओलांडायला निघालाय.

नोंदणीच्या 25 हजारांसाठी जिल्हा ग्राहक आयोग. शिक्षण ही 'सेवा' आहे का, हा वाद कॉलेजांच्या बाबतीत राष्ट्रीय आयोगापासून सुप्रीम कोर्टापर्यंत गेलाय, पण सल्लागाराला त्याचा आडोसा मिळू नये. तो फी घेऊन सल्ला विकणारा दुकानदार आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, तुम्ही दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते, वकील लागतोच असं नाही. 25 हजार आणि दीड लाख, दोन्ही रकमा एकाच तक्रारीत, पण वेगळ्या परिच्छेदांत मांडा. 'फी परत नाही' एवढ्या छापील ओळीने न दिलेल्या सेवेचे पैसे पचत नाहीत. मात्र पूर्ण 25 हजार मिळतीलच असं मी म्हणणार नाही. दोन बैठका आणि कटऑफची झेरॉक्स त्याने दिली आहे, आणि आयोग तेवढं त्याच्या पदरात टाकू शकतो. कटऑफ सीईटी कक्षाच्या वेबसाइटवर फुकट मिळतात, हे तक्रारीत जरूर लिहा.

लेखी मागणी पोचली की बहुतेक जण कागद देतात. बोलावणं आलं तर एकट्या जाऊ नका, भावाला किंवा शेजाऱ्यांना न्या. तिथे तुमच्यापुढे एक टाइप केलेला कागद सरकवला जाईल : 'सर्व हिशेब पूर्ण, कोणतीही तक्रार नाही.' त्यावर सही करू नका. स्वतःच्या हाताने लिहा, 'फक्त शाळा सोडल्याचा दाखला आणि बारावीची मूळ मार्कलिस्ट मिळाली. रकमेबाबतचे सर्व हक्क राखून', खाली तारीख आणि वेळ घाला. तो नाही म्हणाला तर तिथूनच 112 ला फोन करा.