हिवतापाचे जंतू रक्तात एकाचे दोन, दोनाचे चार असेच वाढतात का?

नाही, त्यांची रीत वेगळी आहे. मी पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताच्या स्लाइड तपासतो. पावसाळ्यात थंडीतापाचे पेशंट वाढले की त्यांचे नातेवाईकही मला हेच विचारतात.

एकाचे दोन होतो तो जनावरांतल्या सर्रा रोगाचा जंतू, ट्रिपॅनोसोमा. तो रक्तद्रवात मोकळा पोहतो आणि वाढताना उभा चिरत जातो.

हिवतापाचा प्लाझ्मोडियम मात्र तांबड्या पेशीत शिरतो आणि तिथलं हिमोग्लोबिन खाऊन वाढतो. मग त्याचं केंद्रक दुभंगतं, पुन्हा पुन्हा दुभंगतं, पण अंग एकसंधच राहतं. अगदी शेवटी एकेका केंद्रकाभोवती वेगळं आवरण तयार होतं आणि सगळी पिल्लं एकदमच सुटी होतात. याला शायझोगनी म्हणतात. प्लाझ्मोडियमच्या व्हायव्हॅक्स या जातीची पक्व शायझॉन्ट, म्हणजे पिल्लांनी भरून फुटायला आलेली अवस्था, ऑइल इमर्शन लेन्सखाली दिसली की आजही माझा हात थांबतो. फुगलेली पेशी, आत तपकिरी रंगद्रव्याचा पुंजका आणि सीताफळाच्या गरासारखे खेटून बसलेले १२ ते २४ कण!

ही पेशी फुटते तेव्हाच हुडहुडी भरते. तापाचा आणि या फुटण्याचा संबंध इटलीच्या कामिलो गोल्जींनी १८८० च्या दशकातच दाखवून दिला. व्हायव्हॅक्सचं चक्र साधारण ४८ तासांचं, म्हणून ताप एक दिवसाआड येतो. मलेरी या जातीचं ७२ तासांचं. पण सुरुवातीला सगळे जंतू एकाच वेळी फुटत नाहीत, त्यामुळे ताप रोजही येऊ शकतो. ‘रोज येतोय म्हणजे मलेरिया नाही’ असं कृपा करून धरून चालू नका.

सगळ्यात अचाट प्रकार संकरित गाईंना होणाऱ्या गोचीड तापाच्या थायलेरियाचा. तो पांढऱ्या पेशीत घुसून तिलाच विभागायला लावतो आणि ती दुभंगताना स्वतःही दोन्ही पेशींत वाटला जातो.

हिवतापाच्याच फाल्सिपेरम या जातीबद्दल एक नक्की लक्षात ठेवा. त्याच्या वाढलेल्या जंतूंच्या पेशी अवयवांतल्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून राहतात. बोटातून घेतलेल्या रक्तात बहुतेक वेळा फक्त कोवळे जंतू दिसतात, कधी तेही सापडत नाहीत. म्हणून पहिली स्लाइड निगेटिव्ह आली आणि ताप हटत नसेल, तर डॉक्टरांना सांगून १२ ते २४ तासांत पुन्हा रक्त तपासून घ्या.