‘देतो’ म्हणालात, तर द्यायला लागतं

प्रश्न असा आला आहे. सोलापुरातल्या तिघा मित्रांनी मिळून एक व्हिडिओ गेम केला आहे. भुईकोट किल्ल्यातली कोडी सोडवत पुढं जायचं, असा खेळ. तो पुरा व्हायच्या आधीच त्यांनी स्टीम या संगणकावरचे खेळ विकणाऱ्या दुकानात ‘अर्ली ॲक्सेस’मध्ये, म्हणजे अपुरा असतानाच, विकायला ठेवला. घेणाऱ्यांत मराठी मुलं बरीच निघाली, म्हणून सूचना मराठीतही लिहायला लागले. एप्रिलमध्ये त्यांनी लिहिलं: ‘पुढच्या महिन्यात खंदकाचा टप्पा देतो. सेव्ह उडण्याची अडचण लवकरच दूर करण्यात येईल. मग आपण आवाजही बदलू.’ (सेव्ह म्हणजे खेळ जिथवर आला त्याची साठवलेली नोंद.) मे गेला, जून गेला, टप्पा आला नाही. मराठी खेळाडू चिडले. ‘देतो म्हणाला होतात’, एवढंच वाक्य पुन्हा पुन्हा. इंग्रजी सूचनेत फक्त तशी योजना आहे असं होतं, तिथं कुणी फार बोललं नाही. आता ते विचारतात, ‘देतो’, ‘देऊ’ आणि ‘देणार’ यांत खरंच एवढा फरक आहे का? आणि ‘अर्ली ॲक्सेस’ला मराठीत ‘पूर्वप्रवेश’ म्हटलं तर चालेल का?

फरक आहे, आणि खेळाडूंचं बरोबर आहे. त्यांनी मराठी नीट वाचलं.

‘देतो’ हे रूप वर्तमानकाळाचं. पण पुढच्या गोष्टीसाठी आपण ते वापरतो तेव्हा त्याला एक वजन येतं. घरात नळ गळतोय, आई म्हणते, कुणीतरी बघा रे. तुम्ही ‘मी बघतो’ म्हणालात की त्या क्षणापासून नळ तुमचा. बाकीचे निवांत होतात. तुम्ही ‘मी बघीन’ म्हणाला असतात तर कुणीही निवांत झालं नसतं, आईनं लगेच विचारलं असतं, ‘कधी?’ प्रथमपुरुषातलं हे ‘-तो’ म्हणजे बोलणाऱ्यानं स्वतःला बांधून घेणं. तृतीयपुरुषातही हे रूप शंका ठेवत नाही. ‘गड्डा यात्रा संक्रांतीला भरते’, ‘सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री सुटते’. जे होणार यात वादच नाही, ते आपण असं सांगतो. म्हणून ‘पुढच्या महिन्यात देतो’ हे वाचणाऱ्याला असं ऐकू येतं, की वस्तू तयार आहे, बांधून ठेवली आहे, फक्त तारीख यायची आहे. तुमच्या मनात तेव्हा एवढंच होतं, की करायची फार इच्छा आहे. इच्छा खरी होती, क्रियापद मात्र तिच्याहून फार मोठं निघालं.

‘देऊ’ याच्या उलट, सैल आहे. ‘आम्ही देऊ’ हा भविष्यकाळ, पण हेच रूप ‘चला, करू’ असं सुचवायलाही येतं आणि ‘करू का?’ असं विचारायलाही. एकाच रूपात ठराव, सूचना आणि परवानगी एकत्र नांदतात. त्यात ‘बघू’ तर नकाराच्या इतकं जवळ गेलं आहे, की मराठी घरातल्या लहान मुलालाही त्याचा अर्थ कळतो. खेळाडूनं नवं शस्त्र मागितलं आणि तुम्ही ‘बघू’ लिहिलंत, तर तो नाहीच समजेल. नाहीच म्हणायचं असेल तर सरळ ‘नाही’ लिहा, माणसं ते पचवतात. ‘येईल’मध्ये आणखी एक गोष्ट दडलेली आहे. दार वाजलं की आपण म्हणतो, ‘दूधवाला असेल.’ म्हणजे हे रूप अंदाजाचंही आहे. ‘खंदकाचा टप्पा दिवाळीपर्यंत येईल’ यात अर्धं भाकीत आणि अर्धा अंदाज. अंदाजच सांगायचा असेल, तेव्हा हे चांगलं आहे.

आता ‘देणार’. माझ्या मते तुमच्या कामाला मराठीनं दिलेलं सगळ्यात उपयोगी रूप हे. ‘लग्न मे महिन्यात होईल’ आणि ‘लग्न मे महिन्यात होणार आहे’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. पहिल्यात मुलगी बघणं चालू असेल. दुसऱ्यात कार्यालय घेतलेलं आहे. ‘-णार’ हा ठरलेला बेत सांगतो. शपथ घेत नाही, पण ठरलंय एवढं नक्की सांगतो.

आणि त्याचा खरा गुण पुढं आहे. ‘-णार’ला भूतकाळ आहे. ‘देणार होतो’. ‘देईन’ला असा भूतकाळ नाही, ‘देईन होतो’ म्हणता येत नाही. मराठीत ‘देणार होतो’ एवढं म्हटलं, की दिलं नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. बेत खरा होता आणि तो फसला, दोन्ही गोष्टी दोन शब्दांत येतात. जो माणूस आधी ‘देणार आहोत’ लिहितो, त्याला नंतर ‘देणार होतो’ असं मान वर करून लिहिता येतं. जो ‘देतो’ लिहितो, त्याला मागं यायला वाटच नसते. ‘देतो म्हणालो होतो’ हे वाक्य स्वतःच कबुलीजबाब होऊन बसतं.

हे तुमच्यासारख्या तिघांनाच होतं असं समजू नका. स्वीडनमधल्या आयर्न गेट या लहानशा स्टुडिओचा ‘व्हॅलहाइम’ हा खेळ फेब्रुवारी २०२१ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये आला आणि थोड्याच आठवड्यांत त्याच्या लाखो प्रती खपल्या. त्या वर्षाच्या त्यांच्या आराखड्यात चार मोठी अपडेट, म्हणजे खेळात पडणाऱ्या भरी, दाखवलेली होती. वर्ष संपेपर्यंत त्यांतलं एकच आलं, सप्टेंबरमध्ये. त्यांतलंच ‘मिस्टलँड्स’ यायला डिसेंबर २०२२ उजाडला. मधल्या काळात त्यांनी तो आराखडाच बाजूला ठेवला. आराखड्याचं चित्र काढलं की सगळे चौकोन सारख्याच जाडीचे दिसतात, ठरलेलं, वाटलेलं आणि नुसतं आवडलेलं. वाक्यात लिहिलं तर क्रियापदाला हा फरक दाखवावाच लागतो. म्हणून मराठीत सूचना लिहिताना चित्रापेक्षा वाक्यं लिहा, असं मी आग्रहानं सांगेन.

खुद्द स्टीमचा रोखही हाच आहे. २०१३ च्या मार्चमध्ये त्यांनी अर्ली ॲक्सेसची सोय सुरू केली. विकणाऱ्यांना त्यांनी सांगून ठेवलं आहे की पुढच्या गोष्टींची ठाम वचनं देऊ नका. घेणाऱ्यालाही खेळाच्या पानावर बजावलेलं असतं, की हा खेळ अपुरा आहे, पुढं बदलेल किंवा बदलणारही नाही, आज आहे तसा खेळायची हौस नसेल तर थांबा. म्हणजे सगळा व्यवहार ‘आज’वर उभा आहे. आणि ‘आज’चं क्रियापद सोलापूरकराच्या तोंडात जितकं नेमकं बसलेलं आहे, तितकं मला दुसरीकडं ऐकायला मिळत नाही: ‘करायलोय’.

पुण्यात ‘करतोय’ म्हणतात. आपण म्हणतो, ‘जेवायलोय’, ‘पाऊस पडायलाय’, ‘काय करायलास बे?’ ‘करतोय’मध्ये सवयही मावते, ‘सध्या नोकरी करतोय’ असं म्हणता येतं. ‘करायलोय’ ऐकलं की मला तरी हात कामात असलेला माणूस दिसतो. ‘खंदकाचा टप्पा करायलोय’ यात तारीख नाही, वचन नाही, आणि तरी ते कोरडं वाटत नाही. खेळाडूला हवी असते ती बऱ्याचदा हीच खात्री, की कुणीतरी त्यावर बसलेलं आहे. प्रागच्या वूब सॉफ्टवेअरनं ‘फॅक्टोरिओ’ हा कारखाना उभारायचा खेळ घडवताना २०१३ पासून दर शुक्रवारी ‘फ्रायडे फॅक्ट्स’ लिहिले. आगगाडीच्या रुळांचं काय करायलोय, कुठं अडलंय, कोणती कल्पना टाकून दिली, असं सगळं त्यात असायचं. ऑगस्ट २०२० मध्ये पूर्ण आवृत्ती आली, तोवर वाचणाऱ्यांना तो कारखाना आतून माहीत झाला होता. उलट गप्प बसणंही आता लपत नाही. फार दिवस अपडेट आलं नसेल तर स्टीम २०२५ पासून खेळाच्या पानावरच तसं दाखवतं. तेव्हा सूचना प्रमाण मराठीत लिहा, पण हे एक रूप आपल्या बोलीतून बिनधास्त घ्या. लातूर-धाराशिवकडचा खेळाडू तर ते आपलंच म्हणून वाचेल, आणि कोकणातल्यालाही कळेल.

‘दूर करण्यात येईल’ काढून टाका. त्यात करणारा कुठं आहे? ही भाषा कचेरीच्या नोटीस बोर्डाची आहे. तुम्ही तिघं आहात आणि ती चूक तुमच्यातल्याच एकानं केलेली आहे. ‘दिलगीर आहोत’ही टाळा. फारसीतून आलेल्या या शब्दात खिन्नता आहे, चूक कबूल करणं नाही. ‘आमचं चुकलं’ हे त्याहून लहान आणि खरं.

‘मग आपण आवाजही बदलू’ यातल्या ‘आपण’वर मात्र थांबायला हवं. इंग्रजीत आणि हिंदीत या जागी एकच शब्द आहे. मराठीत दोन: ‘आम्ही’ म्हणजे तुम्हाला वगळून, ‘आपण’ म्हणजे तुम्हाला धरून. कन्नड बोलणारा ‘नावु’ एवढ्यावर भागवतो. सोलापूरच्या पूर्वभागातल्या तेलुगू घरात मात्र हा भेद आपल्यासारखाच काटेकोर आहे, ‘मेमु’ आणि ‘मनम’. तिथल्या एखाद्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातल्या, आजीला तुम्ही ‘मनम करू’ म्हणालात तर ती खुर्ची ओढून बसेल, कारण तिला कामात घेतलं आहे. तुमच्या खेळाडूंनीही तेच केलं असणार. ‘आपण बदलू’ वाचून त्यांनी आवाजांबद्दल मतं पाठवली असतील, आणि तुम्ही ते आधीच ठरवून बसला असाल तर त्यांना ते लागलं असेल. ज्यात त्यांचं मत खरंच चालणार आहे तिथंच ‘आपण’ वापरा. बाकी सगळीकडं ‘आम्ही’. शिवाय ‘आपण कळवावे’ असं आदरार्थी ‘आपण’ त्याच सूचनेत घालू नका, वाचणारा गोंधळतो. साधं ‘तुम्ही’ पुरेसं आहे.

आता ‘पूर्वप्रवेश’. ऐकायला कॉलेजच्या प्रवेशासारखं वाटतं, ते चाललं असतं. पण अर्थच चुकतो. ‘पूर्वप्रवेश’ म्हटलं की नाटक तयार आहे आणि काही जणांना दार लवकर उघडलं, असं वाटतं. तसाही प्रकार आहे. काही खेळ पूर्ण झालेले असतात आणि महागडी आवृत्ती घेणाऱ्यांना काही दिवस आधी खेळता येतात. स्टीमनं २०२४ मध्ये त्याला ‘ॲडव्हान्स्ड ॲक्सेस’ असं वेगळं नाव दिलं. त्याला ‘पूर्वप्रवेश’ शोभेल. तुमच्याकडं नाटकच लिहून व्हायचं आहे. ‘बाल्डर्स गेट ३’ ऑक्टोबर २०२० मध्ये असाच आला, तेव्हा खेळायला पहिलाच अंक होता. पूर्ण खेळ ऑगस्ट २०२३ मध्ये मिळाला. ‘आगाऊ प्रवेश’ही सुचवला जाईल, पण ‘आगाऊ’ म्हणजे काय ते प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे.

नावाच्या जागी ‘अर्ली ॲक्सेस’च ठेवा. सगळे तेच म्हणतात. मात्र समजावून सांगताना माझा एक शब्द घेऊन बघा: ‘मागावरचा खेळ’. ज्या शहरात धोट्याच्या आवाजावर लोक झोपायचे, त्याला मागावरचं कापड म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. नक्षी दिसायला लागलेली आहे, हात लावून बघता येतं, पण अंगावर घेता येत नाही. धागा तुटला तर आत्ताच सांधता येतो. खेळ पुरा झाला की ‘मागावरून उतरला’. एक अडचण आहे. ‘पोलिस मागावर आहेत’ यातला ‘माग’ वेगळा, तो ‘मार्ग’चा वंशज. विणायच्या मागाच्या शेजारी कन्नडमध्ये ‘मग्ग’ आणि तेलुगूत ‘मग्गम’ उभे आहेत, त्याचं गोत तिकडचं वाटतं. वाक्यात ‘खेळ’ शब्द आधी आला की घोटाळा होत नाही.

तुमची सूचना मी अशी लिहीन:

‘खंदकाचा टप्पा आम्ही मे महिन्यात देणार होतो. पाण्यात पडलेला खेळाडू परत काठावर कसा येतो, तिथं आमचं चुकलं. ते सगळं काढून नव्यानं करायलोय. तारीख ठरली की त्याच दिवशी सांगतो. सेव्ह का उडतं ते सापडलं आहे, त्याची दुरुस्ती शुक्रवारी संध्याकाळी देतो. आवाज बदलायचे की नाही हे आपण मिळून ठरवू, तुम्हाला कोणता खुपतो ते लिहा. खेळ अजून मागावर आहे. आज आहे तेवढा आवडत असेल तरच घ्या.’

यात तुम्हाला बांधणारी क्रियापदं दोनच आहेत, ‘सांगतो’ आणि ‘देतो’. शुक्रवारची दुरुस्ती तपासून तयार असेल तरच दुसरं ठेवा. नसेल तर तिथंही ‘करायलोय’ लिहा.