पट ३८, हजर ३१, गोळ्या ३८

पत्र: मी बी.एस्सी. संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिची प्रपत्रं भरायला मी मदत करते. यंदाच्या फेब्रुवारीत जंतनाशक दिनाला तिच्या वर्गाचा पट होता ३८, हजर मुलं ३१ आणि प्रपत्रात 'गोळ्या दिल्या' पुढे ३८. आई म्हणाली, "राहिलेल्यांना नंतर देतोच की, वरून शंभर टक्केच मागतात." हे तपासण्याचं काम कुणी करतं का, हे शोधताना 'मॉनिटरिंग अँड इव्हॅल्युएशन' हा शब्द सापडला. शाळांच्या आरोग्य कार्यक्रमांत यात करिअर होतं का? एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, करू का? बाबा म्हणतात स्पर्धा परीक्षा दे.

उत्तर:

आधी तुझ्या आईची बाजू घेते. ३१ लिहिलं असतं तर दुपारी फोन आला असता, "बाई, तुमचीच शाळा मागे का?" ३८ लिहिलं की फोन येत नाही. जी व्यवस्था खरं लिहिणाऱ्याला त्रास देते, तिच्याकडे आकडे असेच येणार. तरीही त्या ३८ ने नुकसान होतंच. राहिलेल्यांसाठी पुढे मॉप-अप दिन असतो. पण कागदावर ती सात मुलं आधीच गोळी खाऊन बसली आहेत, मग त्या दिवशी त्यांना शोधणार कोण? आणि वारंवार गैरहजर राहणारी मुलं बहुतेक तीच असतात, ज्यांच्या घरी शौचालयाची आणि पाण्याची अडचण असते. गोळीची गरज त्यांनाच जास्त.

तू ज्याच्यामागे लागली आहेस त्याला आपल्या सरकारी मराठीत 'सनियंत्रण व मूल्यमापन' म्हणतात. सनियंत्रण म्हणजे काम ठरल्याप्रमाणे चाललंय का ते चालू असतानाच बघत राहणं : गोळ्या वेळेत आल्या का, किती मुलांना मिळाल्या. त्या गोळ्यांनी मुलांचं काही भलं झालं का, हा मूल्यमापनाचा प्रश्न. पहिल्याचं उत्तर रजिस्टरमध्ये मिळू शकतं. दुसऱ्याचं तिथे कधीच मिळत नाही.

काम भरपूर आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, तोही आपल्याच पालघरमधून. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची ३० प्रकारच्या आजार-व्यंगांसाठी तपासणी. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. जंतनाशक दिन २०१५ पासून, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट, वय १ ते १९. किशोरवयीनांना आठवड्याला लोहाची निळी गोळी. २०२० पासून आयुष्मान भारतखाली शाळेतल्या दोन शिक्षकांना 'आरोग्यदूत' करायचं, तेही आलं. या प्रत्येकाचा अहवाल वर जातो, आणि प्रत्येकात एखादा ३८ लपलेला असू शकतो.

बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचंच घे. 'तपासणी झालेली बालके' हा आकडा मिळवणं सोपं आहे, पथक आलं की मिळतो. त्यातल्या किती मुलांना नजर कमी म्हणून रुग्णालयात पाठवलं, त्यातली किती खरंच गेली, कितींना चष्मा मिळाला आणि आज वर्गात तो कितींच्या नाकावर आहे? पायरीगणिक आकडा आटत जातो. मी शाळांत जायचे तेव्हा चष्मा बहुधा दप्तरात, रुमालात गुंडाळलेला सापडायचा. "फुटला तर आई मारेल." हे वाक्य कुठल्याच प्रपत्राच्या रकान्यात बसत नाही, पण कार्यक्रम कुठे अडलाय ते तेच सांगतं.

तुझ्या विषयाकडे येते. संख्याशास्त्राच्या मुलांना वाटतं, विदा, म्हणजे डेटा, हातात आली की आपलं काम सुरू. खरं तर ते आकडा जन्मतो तिथे सुरू होतं. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी काही वर्षं हेच केलं, त्यातला माझाच एक घोळ सांगते. एका शाळेतल्या उंचीच्या नोंदी तपासताना जवळजवळ प्रत्येक आकडा ० किंवा ५ वर संपत होता. १२०, १२५, १३०. नीट मोजलं तर शेवटचा अंक साधारण सारखा विखुरतो, ० आणि ५ मिळून पाचात एक. म्हणजे कुणीतरी अंदाजाने लिहिलेलं. ते मी पकडलं आणि स्वतःवर खूश झाले. पुढच्या शाळेत शेवटचे अंक छान विखुरलेले होते, म्हणून मी डोळे झाकून विश्वास ठेवला. अर्धा वर्ग खुजा निघाला. 'दीर्घकालीन कुपोषण' या मथळ्याखाली दोन दिवस तो तक्ता माझ्याकडे होता. मग शाळेत पुन्हा गेले तर उंचीची पट्टी भिंतीवर चिकटवलेली, पण जमिनीपासून नाही. खालच्या फरशीच्या पट्टीवर कागद चिकटत नव्हता म्हणून तिच्या वरून. सगळी मुलं कागदावर चांगली चार बोटं बुटकी झाली होती. संगणकावर ही चूक मला उभ्या जन्मात सापडली नसती.

मोठ्या पातळीवरही हेच होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण ५४.१ टक्के होतं, पाचव्यात, २०१९-२१ मध्ये, ५९.१. निळ्या गोळीचा कार्यक्रम फसला म्हणायचं? २०१६-१८ च्या राष्ट्रीय व्यापक पोषण सर्वेक्षणात मात्र १० ते १९ वयाच्या मुलींमध्ये तेच प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास आलं. वयोगट वेगळे आहेत, मान्य. पण सगळा फरक वयाचा नाही. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बोटाला टोचून थेंब घेतला, पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत तपासलं. बोट दाबून दाबून थेंब काढला की त्यात पेशींबाहेरचा द्राव मिसळतो आणि हिमोग्लोबिन कमी दिसू शकतं. एवढ्या मोठ्या देशाचं धोरण बोटाच्या टोकावर कसं अडतं ते बघ.

आणि गोळीचाच विषय निघालाय तर केनियातल्या बुसिया जिल्ह्यातला प्रयोग वाचून काढ. १९९८ पासून ७५ शाळा तीन गटांत पाडून एकामागून एक गटाला जंतनाशक दिलं. मिगेल आणि क्रेमर या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये निष्कर्ष छापला : मुलांची गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली. हजेरी त्यांनी शाळेच्या पटावरून घेतली नव्हती. न सांगता शाळेत जाऊन डोकी मोजली होती. तुझ्या आईच्या वर्गातले ते ३१! २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तीच विदा पुन्हा तपासली, तेव्हा गणनेतल्या चुका निघाल्या आणि जोरदार वाद झाला. क्रेमर यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं, वाद मात्र पुरता मिटला नाही. या क्षेत्रात आपली विदा दुसऱ्याच्या हातात देण्याची तयारी लागते, अहंकार असेल तर अवघड जाईल.

आता पोटापाण्याचं. राष्ट्रीय आरोग्य अभियानात जिल्हा पातळीवर सनियंत्रण व मूल्यमापनाची पदं आहेत, पण कंत्राटी. अकरा महिन्यांचा करार, दरवर्षी नूतनीकरणाची धाकधूक. स्वयंसेवी संस्था आणि सर्वेक्षण कंपन्यांत प्रकल्प असेपर्यंत काम. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांत सल्लागार म्हणून संधी मिळतात, त्या अनुभवानंतर. हे बाबांपासून लपवू नकोस, त्यांची काळजी रास्त आहे.

फक्त तुम्हा दोघांचं भांडण मला खोटं वाटतं. संख्याशास्त्राच्या पदवीवर केंद्रीय लोकसेवा आयोगाची भारतीय सांख्यिकी सेवा परीक्षा देता येते. राज्यात अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, जिल्हा परिषदेत विस्तार अधिकारी (सांख्यिकी) हे पद आहे. बाबांची स्पर्धा परीक्षा आणि तुझा ३८ एकाच टेबलावर येऊ शकतात. तो टेबल सरकारी असेल तर प्रपत्राचा रकाना बदलण्याचा अधिकारही कधीतरी हातात येतो, संस्थेतल्या माणसाला तो मिळत नाही.

एमपीएच लगेच नको, असं माझं मत. डॉक्टर किंवा परिचारिका असतीस तर हो म्हटलं असतं, कारण त्यांना विदेची बाजू शिकायची असते. तुझं उलट आहे. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करते, तिथला जैवसंख्याशास्त्र आणि लोकसंख्याशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम बघ. लोकांशी बोलण्याची ओढ जास्त वाटली तर टाटा समाजविज्ञान संस्था किंवा पुणे विद्यापीठातलं एमपीएच. प्रवेशाच्या अटी दरवर्षी बदलतात, त्या संकेतस्थळावरच वाच, क्लासवाल्यांकडून ऐकू नकोस.

त्याआधी एखाद्या सर्वेक्षणात अन्वेषक, म्हणजे घरोघरी जाऊन माहिती गोळा करणारी, म्हणून दोन-तीन महिने काढ. पैसे बेताचे, एसटीचे धक्के, दुपारी घरात कुणी नसतं म्हणून संध्याकाळी परत फेरी. कोबो टूलबॉक्स या सर्वेक्षणाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रश्नावली कशी बनवतात ते आपोआप शिकशील, विदेच्या विश्लेषणाची आर ही संगणकभाषा घरी बसून शीक. हे अंगावर आलं नाही तरच पुढचे पैसे खर्च कर.

१० ऑगस्टला आईबरोबर शाळेत जा. मुख्याध्यापकांना विचारून जा. हजर मुलं तू मोज. कुणी गोळी चावून खाल्ली, कुणी तोंडात धरून बाहेर जाऊन थुंकली ते बघ, आणि गैरहजर मुलांची यादी वेगळ्या वहीत लिही. मॉप-अपच्या दिवशी तीच वही घेऊन पुन्हा जा. काय सापडलं ते मला कळव, पण फेसबुकवर टाकू नकोस. आईला अजून त्याच शाळेत नोकरी करायची आहे.