लेखन-शंका: संवाद अहिराणीत की प्रमाण मराठीत?

प्रश्न : कादंबरीतली माणसं अमळनेरकडची आहेत. त्यांची अहिराणी बोली पुण्या-मुंबईच्या वाचकाला झेपेल का?
– एक वाचक, जि. जळगाव

उत्तर : झेपेल. निवेदन प्रमाण मराठीत, संवाद अहिराणीत ठेवा. मात्र ‘कथा चालना रे भाऊ?’ यातली ‘कथा’ बाहेरचा वाचक ‘गोष्ट’ समजेल. कंसात अर्थ नको, तो वाचकाला अडखळवतो. समोरच्याला ‘वावरमा’, म्हणजे ‘शेतात’, असं उत्तर देऊ द्या; ‘कथा’ म्हणजे ‘कुठे’ हे आपोआप उलगडतं. खरा घोळ लेखनाचा: ‘माझा’ या अर्थी एका पानावर ‘मन्हा’, दुसऱ्यावर ‘मना’. कोणता शब्द कसा लिहायचा, याची वही ठेवा. प्रकाशकाला आधी शेवटासकट एक पानी सारांश आणि पहिली तीन प्रकरणं युनिकोडमध्ये पाठवा. जुन्या फाँटची फाइल समोर चिन्हांचा चिवडा होऊन उघडते. मूळ प्रत स्वतःकडेच!