'वर्चस्व', 'प्रभुत्व' की 'अंकितपणा'?

प्रश्न : आयरिश तत्त्वज्ञ फिलिप पेटिट यांच्या स्वातंत्र्यविचारातल्या 'डॉमिनेशन'ला मराठीत काय म्हणावं? जळगावकडच्या विद्यार्थ्यांच्या टिपणांत कुठे 'वर्चस्व' आहे, कुठे 'प्रभुत्व'.

उत्तर : दोन्ही शब्द नेम चुकवतात. प्रभुत्व भाषेवर नाहीतर तबल्यावर असतं, म्हणजे कौतुकाचंच. वर्चस्व बाजार समितीच्या निवडणुकीत पॅनेलचं असतं. त्यात वरचढपणा आहे, पण कुणाच्या मुठीत असणं नाही. आणि पेटिट बोलतात ते मुठीत असण्याबद्दल.

मुळातला लॅटिन 'डॉमिनुस' म्हणजे धनी. आपल्याकडचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी घ्या. उचल घेतली, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल ठरलं, की वर्षभर तो बांधला गेला. समजा, धनी भला आहे, कधी वावगं बोलत नाही. विचारवंत आयझाया बर्लिन यांनी १९५८च्या व्याख्यानात मांडलेल्या 'नकारात्मक' स्वातंत्र्याची कसोटी हस्तक्षेप नसणे ही. तिला हा सालदार बराचसा उतरेल. पेटिट ('रिपब्लिकनिझम' या १९९७च्या पुस्तकात) म्हणतात, नाही. धन्याचं डोकं उद्या फिरलं तर त्याला अडवणारं काही नाही, म्हणून आजही त्याचा नूर बघूनच बोलावं लागतं. नजरेला नजर भिडवता येते का, ही पेटिट यांची कसोटी. मराठीत नवऱ्यालाही 'धनी' म्हणतात, तेव्हा ही कसोटी घरातही लावता येते. पेटिट लावतातच, इब्सेनच्या 'अ डॉल्स हाऊस' नाटकातल्या नोरा या बायकोचं उदाहरण घेऊन.

म्हणून 'अंकितपणा' बरा, आणि स्वातंत्र्य म्हणजे 'कुणाचं अंकित नसणं'. 'निर्धनीपण' घडवायला जाऊ नका, गरिबीचा अर्थ निघेल.

पेटिट यांच्या लेखी माणूस अंकित होतो तो दुसऱ्याच्या 'आर्बिट्ररी' सत्तेमुळे. घोटाळा होतो तो या 'आर्बिट्ररी'पाशी. सगळे 'मनमानी' लिहितात. पण मनमानी म्हणजे प्रत्यक्ष केलेला अतिरेक. इथे सत्ता नुसती हाताशी असली तरी पुरे. 'मर्जीवरची सत्ता' म्हणा. पुढे २०१२च्या 'ऑन द पीपल्स टर्म्स' या पुस्तकात पेटिट यांनीच तो शब्द सोडून 'अनियंत्रित' धरला. त्या पुस्तकावर लिहिताना तोच वापरा.

'हस्तक्षेप' मात्र तसाच राहू द्या, 'ढवळाढवळ' करू नका. ढवळाढवळ कायम नको असलेलीच असते. पेटिट यांच्या मते लोकांच्या बरोबरीच्या नियंत्रणाखालचा कायदा हस्तक्षेप करतो, पण कुणाला अंकित करत नाही. ढवळाढवळ लिहिलीत की हे वाक्य उभंच राहत नाही.